गुडघ्यापासून खाली

मंगळवारी सव्वाअकराला येतात विल्फ एंटविसल.
टोपी खुंटीला, काठी कोपऱ्यात,
पॅन्ट मांडीपर्यंत गुंडाळतात
आणि टेबलावर पसरतात ते दोन पाय
जे एकदा सिनेमात होते.

फक्त पाय.
"गुडघ्यापासून खाली," ते स्वतःच सांगतात,
कुणी आपल्या गावाचं नाव सांगावं तसं.

बहात्तरचा फेब्रुवारी.
अ‍ॅक्रिंग्टनच्या मैदानात चिखल एवढा
की गोलकीपरची सावलीही रुतून बसायची.
लंडनहून तीन ट्रक आले, दिवे आले,
आणि आला एक देखणा नट.
चेंडूशी त्याचं वागणं
नव्या जावयाचं सासऱ्याशी असतं तसं:
समोरून आला की हा दोन पावलं मागे.

मग दिग्दर्शकाने क्लबचे अकराजण ओळीत उभे केले.
बाजारात बैल पाहावा तशी नजर
खुरापासून वर नेली, ती गुडघ्याशीच थांबली.
"हे," म्हणाला.
वर कोण आहे, विचारलं नाही.

दिवसाला बारा पौंड,
आणि पिंढऱ्यांना तेल चोळायला एक मुलगी.
(तिचं नाव अजून आठवतं. नटाचं आठवावं लागतं.)
याने डाव्या पायाने वळवायचा चेंडू,
जाळी हलायची, "कट",
मग नट येऊन उभा राहायचा
याच्याच बुटांच्या ठशांत
आणि हात पसरून आभाळाकडे ओरडायचा.

क्लबसाठी दोनशे चौदा सामने, गोल एकोणीस.
सिनेमात एका दुपारीत तीन.
"पहिला ऑफसाइड होता,
पण पटकथेला कोण सांगणार?"

मी गुडघा वाकवते. ऐंशी अंश. पंच्याऐंशी.
आतून खरखर येते,
धोटा अडकलेल्या मागाची असते तशी.
माझं बालपण इचलकरंजीचं, हा आवाज मी ओळखते.
"इथेही माग होते," ते म्हणतात,
"आईचे कान त्यांनीच खाल्ले."

एडना एंटविसल ओठ वाचायची.
सिनेमा लागला त्या शनिवारी
तिसऱ्या रांगेत, मांडीवर पर्स,
तासभर नटाचे ओठ वाचत बसली.
पोराचं कुठे काहीच लिहिलेलं नव्हतं त्यांत.
मग पडद्यावर चिखल आला,
आणि चिखलात दोन पाय,
डावा टेकताना जरासा आत वळणारा.
चुलीपुढच्या पत्र्याच्या टबात
हे तिने किती वर्षं घासले होते.
आपला आवाज केवढा, हे तिला ठाऊक नसायचं.
"विल्फ!" ती ओरडली, "आमचा विल्फ!"
आणि अख्खं थिएटर वळलं,
पडद्याकडे पाठ करून,
शेवटच्या रांगेत खाली खाली सरकणाऱ्या
एका माणसाचा चेहरा बघायला.

श्रेयनामावलीत नाव नव्हतं.
वाट बघितली होती का, मी विचारत नाही.
बाजूला बर्फाची पिशवी वितळते आहे.

डिसेंबरात गुडघा बदलायचाय. पत्र आलंय.
स्टीलचा, प्लास्टिकचा, मी नमुना हातात देते.
ते उलटसुलट करून बघतात,
बाजारात एकदा निवडला गेलेला माणूस
आता स्वतः निवडत असल्यासारखे.
"म्हणजे याच्या वर मी," ते म्हणतात,
"आणि याच्या खाली?"
"खालीही तुम्हीच."
"लिहून द्याल?"

मी हसते. ते हसत नाहीत.

मी पडदा ओढून घेते, त्यांना कपडे नीट करू देते.
पडदा आखूड आहे, जमिनीपासून दीड वीत वर.
तक्रार करून वर्ष झालं, कुणी बदलत नाही.
मी फाइल भरत राहते. नाव, तारीख, वेदना दहापैकी सहा.
पलीकडे काठी पडते. शिवी ऐकू येते.
मग पडद्याखाली
दोन पाय बूट शोधत येतात,
डावा टेकताना जरासा आत.

आज दोनदा आलंय तोंडापर्यंत,
एडनासारखं मोठ्याने.